रोज एकच चिप

सान्वीने टॉवेलात गुंडाळून आणलेली वस्तू शैलाताईंच्या जेवणाच्या टेबलावर ठेवली, टॉवेल उलगडला आणि खुर्चीवर बसायच्या आधीच विचारलं, "आजी, ह्यातल्या कुठल्या चिपमध्ये आमची मॅच आहे?"

टॉवेलात व्हिडिओ गेम होता. काळा, चपटा, कोपऱ्यांना थोडा झिजलेला. त्याचा दिवा लागायचा, आतला पंखा फिरायचा, पण टीव्हीवर काही म्हणजे काही उमटत नव्हतं. काशीमीऱ्याच्या दुकानदाराने तो कानाशी धरून हलवून बघितला होता आणि "बोर्ड गया, नया डलवा लो," म्हणून परत दिला होता. नवा बोर्ड घातला की जुन्या बोर्डाबरोबर मॅचही जाणार, एवढं अकरा वर्षांच्या सान्वीला बरोबर कळलं होतं.

ती मॅच साधी नव्हती. सान्वीचे बाबा, जितेश, मालवाहू जहाजावर कामाला होते. आठ-आठ महिने समुद्रावर, मग दोन महिने घरी. मागच्या सुट्टीत ते दोघं रोज संध्याकाळी ह्या गेमवर क्रिकेट खेळायचे. शेवटच्या मॅचमध्ये सान्वीची बॅटिंग चालू असताना खाली टॅक्सी आली. एकेचाळीस रन्स हव्या होत्या, तीन विकेट्स शिल्लक होत्या. बाबांनी मॅच स्वतः सेव्ह केली आणि बजावलं, "आता हिला हात लावायचा नाही. जूनमध्ये आलो की इथूनच पुढे." सान्वीने हात लावला नाही. पण मार्च महिन्यात धावताना तिचा पाय केबलीत अडकला, गेम टीव्हीच्या स्टँडवरून खाली आला, आणि तेव्हापासून पडदा काळा.

हे सगळं तिने एका दमात सांगितलं. शैलाताई ऐकत होत्या, आणि ऐकता ऐकता त्यांचे हात ड्रॉवरमधला बारीक स्क्रूड्रायव्हर शोधू लागले होते.

शैला कुवळेकर ह्यांनी तेवीस वर्षं अंधेरीच्या एका कंपनीत बोर्ड तपासले. लाइनवर पुढच्या बायका बोर्डावर पार्ट बसवायच्या, वितळलेल्या सोल्डरने त्याचे पाय जोडायच्या, आणि शेवटी शैलाताईंच्या भिंगाखालून गेल्याशिवाय बोर्ड डब्यात जायचा नाही. लग्न केलं नाही. भावांची शिक्षणं केली, मग स्वतःसाठी भाईंदर पश्चिमेला मोरव्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर ही दुसऱ्या मजल्यावरची खोली घेतली. कंपनी बंद झाली, लाइनवरच्या बायका विरार, कल्याण, गावाकडे अशा पांगल्या. भाऊ दिवाळीला फोन करायचे. बिल्डिंगमध्ये आजूबाजूला गुजराती, मारवाडी, उत्तरेकडचे. सगळे चांगले, "आंटी, कैसे हो" विचारणारे, आणि उत्तर यायच्या आत लिफ्टमध्ये शिरणारे. खिडकीतून दूरवर मिठागरं दिसायची. काही दिवस असे जात की सकाळी मासेवालीशी बोललेली चार वाक्यं, तेवढाच त्या दिवसाचा आवाज.

म्हणून तळमजल्यावरच्या मृणालिनीने, सान्वीच्या आईने, "तुम्ही कंपनीत होतात ना, जरा बघता का?" असं जिन्यात विचारलं, तेव्हा शैलाताई लगेच हो म्हणाल्या होत्या. मृणालिनी काशीमीऱ्याच्या हॉटेलात रिसेप्शनला होती, घरी यायला साडेसात व्हायचे. सुट्टीत मुलगी दिवसभर एकटी. "पाच ते सात माझ्याकडे बसू दे," शैलाताई म्हणाल्या.

झाकण निघालं. पत्र्याची पाटी निघाली. पंखा, त्याखालचा ॲल्युमिनियमचा ठोकळा, सगळं एकेक करून वर्तमानपत्रावर मांडलं. शेवटी हिरवा बोर्ड उघडा झाला आणि सान्वी वाकून बघत म्हणाली, "हे तर शहर आहे."

"शहर असेल तर आधी नकाशा हवा," शैलाताई म्हणाल्या. "वही काढ. आमच्याकडे नवीन मुलगी लाइनवर आली की पहिले तीन दिवस तिला सोल्डरिंगला हात लावू द्यायचे नाहीत. फक्त बोर्ड बघून चित्र काढायचं. नियम एकच. जे दिसतं ते काढायचं, जे असेल असं वाटतं ते नाही."

"आणि काय आहे ते कळलं नाही तर?"

"तरी काढायचं. कळायचं नंतर कळतं."

सान्वी तासभर जीभ दातात धरून काढत होती. मोठा चौकोन, त्याच्या भोवती चार सारखे चौकोन, आठ पायांचे छोटे, चकचकीत पत्र्याची एक डबी, काठावर टीव्हीच्या केबलीचं सॉकेट. तोवर शैलाताईंनी सवयीने भिंग डोळ्याला लावलं होतं आणि डावीकडून उजवीकडे, वरून खाली, जसं तेवीस वर्षं बघितलं तसं बोर्डावरून नजर फिरवली होती. सॉकेटच्या कोपऱ्यातल्या पायापाशी नजर थांबली.

त्या पायाच्या भोवती सोल्डरला केसाएवढी गोल भेग होती. लाइनवर तिला अंगठी म्हणायचे. हिसका बसला की पाय आत सैल होतो आणि भोवती अशी काळी अंगठी पडते. सॉकेट हलतं, मागच्या बारीक पिना बोर्डापासून सुटतात, चित्र पुढे जात नाही. बाकी काही बिघडलेलं नव्हतं. लाइनवरची गोदूबाई, सगळ्यांत जुनी आणि सगळ्यांत तिखट, असा बोर्ड सापडला की ओरडून सांगायची, "शैले, अजून एक अंगठी आली गं तुला. अशाच घालत बस जन्मभर." सगळी लाइन हसायची. शैलाताईसुद्धा.

गरम इस्त्री फिरवण्याएवढं सोपं काम. दहा मिनिटं.

"आजी, इथे एक गोल दिसतंय," सान्वी म्हणाली. तिनेही सॉकेटजवळ पेन्सिल टेकवली होती. "पायाच्या भोवती. काय आहे हे?"

शैलाताईंनी तिच्या वहीकडे बघितलं. मग घड्याळाकडे. साडेसहा झाले होते. भिंतीपलीकडे कुणाचा तरी कुकर शिट्ट्या देत होता.

"असेल काहीतरी," त्या म्हणाल्या. "काढून ठेव. पुढे बघू. आपण रोज एकच चिप ओळखायची. घाई केली की चुकतं."

सान्वीने तो गोल व्यवस्थित काढला.

दुसऱ्या दिवशी ती पाचला दहा मिनिटं कमी असताना आली.

त्या दिवशी त्यांनी आठ पायांची चिप ओळखली. "कंपनीत आम्ही आयसी म्हणायचो," शैलाताई म्हणाल्या, "पण गोदूबाईने प्रत्येकीला नावं ठेवली होती. आठ पायांची ती कोळी. दोन्ही बाजूंना रांगेने पाय असलेली ती गोम. ही पत्र्याची डबी, ती करंडा. आम्हाला कुणी सांगत नव्हतं कोण काय काम करते. नाव हवं ना हाक मारायला."

"मग तुम्हाला कधी कळलं, कोण काय करते?"

"लायब्ररीतून पुस्तक आणून वाचलं. उशिरा वाचलं, पण वाचलं."

कोपऱ्यातल्या बारीक ठिपक्यापासून पाय मोजायला सुरुवात करायची आणि घड्याळाच्या उलट दिशेने जायचं, हे सान्वी पहिल्याच झटक्यात शिकली. चिपेवरची अक्षरं पुसट होती, तेव्हा शैलाताईंनी खडू किसून त्याची पूड बोटाने चिपेवर चोळली आणि टॉर्च आडवा धरला. अक्षरं उठून आली. पहिली दोन बनवणाऱ्याची, मधली चिपेच्या जातीची. "आणि खालचे चार आकडे, एक पाच एक एक, ते काय असतील?" त्यांनी विचारलं.

सान्वीने बराच विचार केला. तिला मध्येच सांगायचं नाही, हे शैलाताईंनी ओठ मिटून पाळलं.

"तारीख?" सान्वी म्हणाली.

"जवळ आलीस. साल पंधरा. आणि आठवडा अकरावा."

सान्वीने बोटांवर हिशेब केला. "म्हणजे मार्च. मी जानेवारीची. ही माझ्याहून दोन महिन्यांनी लहान आहे."

त्यानंतर ती प्रत्येक चिपेचं वय आधी काढायची आणि मग काम विचारायची. करंड्याच्या आत स्फटिकाचा तुकडा असतो आणि सगळ्या बोर्डाला तो ठेका धरून देतो, हे ऐकून तिने डबीवर नखाने टकटक केलं. ठोकळ्याखालची मोठी चिप सगळ्यांचं डोकं, हे तिने स्वतः ओळखलं. कारण सगळे रस्ते तिच्याकडे जात होते. मधल्या काळात शैलाताईंनी तिच्यासाठी थालीपीठं लावली, एकदा शिरा केला. सकाळी दार वाजलं की उत्तनची मासेवाली शेवंती पाटी खाली ठेवायची. एके दिवशी तिने बोंबील निवडता निवडता मान वर केली.

"ताय, आज चार काढलेस? नेमी तर दोन घेतस. पावना हाय काय?"

"तळून ठेवते. खालची मुलगी येते संध्याकाळी."

"मंग पाच घे. पोरीच्या नादान तू बी खाशील. तुज्या अंगाव काय मास न्हाय."

शैलाताईंनी पाच घेतले.

आठव्या दिवशी मोठ्या चिपेभोवतीच्या चार सारख्या चिपा आल्या. गोदूबाई त्यांना जावा म्हणायची, सारख्या साड्या नेसून थोरलीच्या भोवती बसलेल्या. "ह्या लक्षात ठेवतात," शैलाताई म्हणाल्या, आणि सान्वी ताठ बसली.

"म्हणजे मॅच ह्यांच्यात आहे?"

"ह्या पाटीसारख्या. खेळ चालू असतो तेव्हा भराभर लिहितात, भराभर पुसतात. वीज गेली की पाटी कोरी."

सान्वीचा चेहरा उतरला. पेन्सिल खाली ठेवून ती म्हणाली, "मग मॅच गेली."

"पाटीवरची गेली. वहीतली नाही जात. बोर्डावर वहीची चिप वेगळी असते, वीज नसली तरी लिहिलेलं तसंच राहतं. बाबांनी सेव्ह केली ना? मग ती वहीत आहे."

"कुठे आहे वही?"

ती बोर्डाच्या मागच्या बाजूला होती. शैलाताईंना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. बोर्ड उलटा करायचा, बोट ठेवायचं, एवढंच. पण ती शेवटची होती. तिच्यानंतर ओळखायला काही उरत नव्हतं.

"शोधू," त्या म्हणाल्या. "अजून बऱ्याच बाकी आहेत. बाबा जूनमध्ये येणार ना? वेळ आहे."

रात्री अंथरुणावर पडल्यावर त्यांना ते शब्द टोचायचे. वेळ आहे. पण तो कुणाचा, असं त्यांनी स्वतःला नीट विचारलं नाही. जून लांब होता. मेच्या शेवटच्या आठवड्यात दहा मिनिटं काढायची, चित्र आलं की मुलगी टाळ्या पिटेल, कुणाचं काही बिघडणार नाही, असं त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात, एका गुरुवारी, सान्वी आली नाही.

पाच वाजले, साडेपाच वाजले. शैलाताईंनी बोर्डावरचा रुमाल काढला, पुन्हा घातला. कदाचित मैत्रीण आली असेल. सहा वाजता त्या दारापर्यंत जाऊन परत आल्या. खाली जाऊन विचारायचं तर काय म्हणून विचारायचं? मुलीला यायलाच हवं असं कुठे ठरलं होतं? त्यांनी टीव्ही लावला, आवाज बंद ठेवला, आणि जिन्यातल्या पावलांकडे कान लावून बसल्या. ताटलीतली थालीपीठं गार झाली. सात वाजता त्यांनी एक खाल्लं, बाकीची झाकून ठेवली.

शुक्रवारी पाचला बेल वाजली. सान्वी होती. हातात वही आणि चॉकलेटचा परदेशी डबा.

"हे बाबांनी तुमच्यासाठी दिलंय."

"बाबांनी? कुरिअर आलं?"

"नाही. बाबा आले होते." ती खुर्चीवर बसली आणि वही उघडली. "काल दुपारी. त्यांचं जहाज न्हावा शेव्याला लागलं एका दिवसासाठी. एका रात्रीची परवानगी मिळाली. सकाळी सहाला गेले."

शैलाताई उभ्याच राहिल्या. "म्हणजे जूनमध्ये..."

"जूनमध्ये नाही. त्यांच्या बदलीचा माणूस आजारी आहे, म्हणून कंपनीने वाढवलं. आता नोव्हेंबरमध्ये." नोव्हेंबर ती अगदी सरळ आवाजात म्हणाली, पाठ केल्यासारखं.

"अगं, मग गेम न्यायला वर का नाही आलीस?"

"मी येणार होते. आई म्हणाली, आजींचं काम अर्धं झालंय, त्यांना घाई करायची नाही. त्या आपल्यासाठी एवढं करतायत." सान्वीने पेन्सिलचं टोक बघितलं. "आम्ही पत्ते खेळलो. बाबांना झोप येत होती, ते मध्येच झोपले. आज कुठली चिप?"

शैलाताईंनी कपाटातून सोल्डरिंग गन काढली, बटण लावलं आणि ती तापेपर्यंत पाठ करून उभ्या राहिल्या. मग बसल्या, भिंग लावलं. सोल्डर नीट धरावं म्हणून पायाभोवती थोडं फ्लक्स, मग गनचं टोक, मग सोल्डरची तार. अंगठी वितळली आणि भरून आली. मागच्या दोन सुटलेल्या पिना एकेक करून टेकवल्या. ठोकळा, पंखा, पत्रा, झाकण. आपल्याच टीव्हीची केबल काढून त्यांनी गेमला लावली.

चित्र आलं. निळा पडदा, त्यावर गेमचं नाव, मागे बारीक संगीत.

सान्वीने टाळ्या पिटल्या नाहीत. ती भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती. ती आल्यापासून पुरती वीस मिनिटंही झाली नव्हती. मग तिने वहीची पानं मागे मागे उलटली, पहिल्या दिवसाच्या चित्रापर्यंत. सॉकेटच्या कोपऱ्यात पायाभोवती तिने काढलेला गोल होता, छोटा, नीट, पूर्ण.

"हेच होतं," ती म्हणाली.

"हो."

"हे मी तुम्हाला विचारलं होतं."

"हो."

"तेव्हा तुम्हाला माहीत नव्हतं?"

खोटं सांगणं सोपं होतं. भिंग जुनं आहे, वय झालं, नजरेतून सुटलं. मुलीने मानलंही असतं. पण वही टेबलावर उघडी होती, आणि जे दिसतं ते काढायचं हे त्यांनीच तिला शिकवलं होतं.

"माहीत होतं," शैलाताई म्हणाल्या. "पहिल्याच दिवशी दिसलं. लगेच नीट केलं असतं तर दुसऱ्या दिवशी तू आली नसतीस. म्हणून नाही केलं."

टीव्हीतलं संगीत एकदा संपलं आणि पहिल्यापासून पुन्हा सुरू झालं.

"मॅच बघ आहे का ती," शैलाताई म्हणाल्या.

"घरी बघते."

तिने केबल काढली, गेम टॉवेलात गुंडाळला, वही काखेत धरली. चपला घालताना तिने मागे वळून बघितलं नाही. दार मात्र हळू लावलं, आवाज होऊ न देता. ते शैलाताईंना जास्त लागलं.

त्याच संध्याकाळी त्या खाली गेल्या. मृणालिनी येईपर्यंत जिन्यातच थांबल्या आणि तिला जसं घडलं तसं सांगितलं. मृणालिनी हातातली पर्स धरून ऐकत राहिली. "असं नको होतं करायला, आजी," एवढंच ती म्हणाली. मग किल्ली लावून आत गेली.

पुढचा महिनाभर पाच ते सात ही वेळ घरात होती तशीच राहिली, फक्त लांब झाली. शैलाताईंनी वर्तमानपत्र घडी करून ठेवलं. खडूची पूड टेबलाच्या चिरेत अडकली होती, ती टाचणीने काढली. सकाळी शेवंतीने विचारलं, "पाच ना, ताय?"

"दोन."

"पोर गेली काय गावाला?"

"नाही. इथेच आहे."

शेवंतीने त्यांच्या तोंडाकडे बघितलं, तीन बोंबील कागदावर ठेवले आणि पाटी उचलली.

शाळा सुरू झाल्याच्या दुसऱ्या दिवशी शैलाताई दळण घेऊन येत होत्या. तळमजल्यावर लिफ्टचं दार बंद होता होता एक दप्तर मध्ये आलं आणि पाठोपाठ सान्वी. गणवेश नवा, थोडा मोठा.

"गच्चीवर चाललेय," ती म्हणाली. "कपडे काढायला."

लिफ्ट जुनी, हळू. दोघी आकड्याच्या दिव्याकडे बघत राहिल्या.

"मॅच आहे," सान्वी दिव्याकडे बघतच म्हणाली. "एकेचाळीस हव्यात, तीन विकेट्स."

"खेळलीस?"

"नाही. बाबा आल्यावर."

पहिला मजला गेला.

"वहीची चिप मागच्या बाजूला असते," शैलाताई म्हणाल्या. "बोर्ड उलटा केला की डावीकडे, एकटीच. तुला दाखवायची राहिली."

सान्वीने मान हलवली. दुसरा मजला आला, दार उघडलं. शैलाताईंनी पिठाचा डबा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला आणि बाहेर पडल्या.

"आजी." सान्वीने दाराच्या फटीत पाय ठेवला होता. "आईचा मिक्सर चालत नाहीये. त्यात चिप असते?"

"साध्या मिक्सरमध्ये नसते. मोटरचे कार्बन झिजले असतील." त्या थांबल्या. "दहा मिनिटांचं काम आहे. आधीच सांगून ठेवते. दहाच मिनिटांचं."

सान्वीने जरा विचार केला. लिफ्ट दार बंद करायला बघत होती आणि तिच्या पायाला लागून पुन्हा उघडत होती.

"मग उद्या दहा मिनिटं येईन," ती म्हणाली आणि पाय आत घेतला.

शैलाताई आपल्या दारापाशी उभ्या राहिल्या. वरच्या मजल्यावर लिफ्ट थांबल्याचा आवाज येईपर्यंत त्यांनी किल्ली काढली नाही.